शालूचे दोन मुके साक्षीदार

१

शालू सापडला, आणि खरं संकट तिथून सुरू झालं.

मंगळवारी दुपारी चिकपेटमधल्या त्या साडीच्या दुकानातलं लोखंडी कपाट उघडलं तेव्हा सगळ्यात वरचा खण रिकामा होता. वसुमतीअक्कांच्या सासूबाईंचा जांभळा शालू, खऱ्या जरीचा, घरातल्या चार सुना बोहल्यावर नेसल्या तो, जागेवर नव्हता. तीन दिवस दुकान उलटंपालटं केलं. आणि आज, शुक्रवारी सकाळी साडेदहाला, अक्कांचा नातू राजस तोच शालू दोन्ही हातांवर घेऊन जिना उतरला. मागून त्याचे वडील पद्मनाभ, घाम पुसत.

"दस्तगीरच्या खोलीत," राजस म्हणाला. "वरच्या फळीवर, एका गाठोड्यावर ठेवला होता. मी खुर्चीवर चढून काढला. पप्पांनी खुर्ची धरली होती, विचार त्यांना."

पद्मनाभनं मान हलवली. 

जिन्याखालच्या बाकावर रफूवाले दस्तगीरसाब बसले होते. रोजच्यासारखे दहा वाजता आले, तर त्यांना दारातच अडवून तिथे बसवलेलं. सत्तरी गाठलेला माणूस. वरच्या मजल्यावरच्या त्या एवढ्याशा खोलीत एकेचाळीस वर्षं सुई चालवतोय. अक्कांचे यजमान जाताना सांगून गेले होते, हात चालतोय तोवर खोली दस्तगीरची.

अक्कांनी शालू मांडीवर घेतला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचं नाक, पण अजून तिखट. घडीतून डांबर गोळीचा उग्र वास आला. पदर उलगडला तर जरीवर बोटभर काळसर डाग. अक्कांनी घडी होती तशी मिटली आणि शालू मांडीवरच ठेवला.

तेवढ्यात व्यापारी मंडळाचे अध्यक्ष वादिराज चपला काढून आत आले. हातातला मोबाइल त्यांनी असा धरला होता, जणू त्यात पंचनामाच आहे.

"अक्का, क्लिप बघितली. सगळ्या पेठेनं बघितली. मंगळवारी चार वाजता हा माणूस गाठोडं घेऊन जिना उतरतोय. चारला मीटिंग बोलावलीय. तिथून सरळ पोलीस. आणि ह्याच्या जातवाल्यांना एकेका दुकानातून..."

"वादिराजअण्णा, कॉफी घेणार?" अक्का मधेच म्हणाल्या.

"कॉफी नको."

"मग चारला या. तोवर माझ्या दुकानातलं माणूस माझ्या ताब्यात."

वादिराज गेले. घड्याळात पावणेअकरा झाले होते.

२

अक्का बाकावर दस्तगीरसाबांच्या शेजारी बसल्या. मधे शालू.

"घेतलात?"

"नाही."

"शपथ घ्याल?"

"घेईन. पण आमच्याकडे त्याला क्रम आहे, अक्का. बोट दाखवणाऱ्यानं आधी साक्षीदार आणायचे. ते नसले, तर ज्याच्यावर बोट आहे त्यानं शपथ घ्यायची. इथे साक्षीदार कुणी आणले? मोबाइल आणला."

"गाठोड्यात काय होतं?"

"शाली. येलहंकाच्या बाईंच्या, कसर लागलेल्या. त्यांना नेऊन दिल्या. विचारा की. एकानं तरी फोन करून विचारलं? आमच्या कुराणात साफ सांगितलंय, बातमी आणणारा भरवशाचा नसेल तर आधी खात्री करा, नाहीतर नकळत कुणाचं तरी वाटोळं कराल आणि मग पस्तावाल. तेव्हा तर मोबाइल नव्हते."

अक्कांचं शिक्षण तिसरीपर्यंत. सही करायला अजून मिनिटभर लागतं. पण माणूस खोटं बोलताना हात कुठे ठेवतो, हे त्यांना पन्नास वर्षं गिऱ्हाइकं बघून कळलं होतं. दस्तगीरसाबांचे हात गुडघ्यांवर होते आणि हलत नव्हते.

"घाबरलात का?"

"पोलिसांना नाही घाबरत मी. माझी मुलगी शाळेत शिकवते. तिच्या मोबाइलवर पण ती क्लिप गेली. तिनं सकाळपासून मला फोन केला नाही." ते अक्कांकडे वळले. "एक जुनी गोष्ट सांगू? आमच्यातले बुजुर्ग सांगतात. मदिन्यात एकानं चिलखत चोरलं. पिठाच्या पोत्यात लपवून नेलं. पोत्याला भोक होतं. पिठाची रेघ रस्त्याभर सांडत गेली. चोरानं काय केलं, चिलखत एका यहुद्याच्या घरी नेऊन ठेवलं. लोक रेघेमागून गेले, माल सापडला, यहुदी धरला. चोर मुसलमान होता. त्याचं सगळं खानदान पैगंबरसाहेबांकडे गेलं, म्हणालं, आमचा माणूस सच्चा आहे, तुम्ही आमच्या बाजूनं बोला."

"मग?"

"वरून आयत उतरली. दगाबाजांची वकिली करू नका. आपलं पाप बेगुनाह माणसावर टाकणाऱ्यानं भलं मोठं ओझं उचललं. यहुदी सुटला. आपल्यातला नव्हता तरी सुटला, आणि आपला होता तरी चोर उघडा पडला."

अक्का शालूच्या काठावरून बोट फिरवत राहिल्या.

"म्हणजे आता यहुदी तुम्ही, आणि पोतं आमच्या घरातलं. असंच म्हणायचंय ना?"

दस्तगीरसाब जमिनीकडे बघत म्हणाले, "मी गोष्ट सांगितली, अक्का. पोतं कुणाचं ते तुम्ही बघा."

३

कपाटाच्या चाव्या तीन. एक अक्कांच्या कमरेला. एक श्रीहर्षकडे, तीस वर्षं दुकानात असलेला विक्रेता, केस पिकले तरी अक्का त्याला पोराच म्हणतात. तिसरी पद्मनाभची. पण पद्मनाभ सोमवारपासून गुरुवारपर्यंत धर्मावरमला खरेदीला गेला होता, आणि त्याची चावी घरी देवघराशेजारच्या खिळ्याला.

"पोरा, तू घेतलास का शालू?" अक्कांनी सरळ विचारलं.

श्रीहर्षचा चेहरा उतरला. "अक्का, माझ्या लग्नात सूट तुम्ही शिवून दिलात."

"सूट विचारला नाही मी."

"नाही घेतला."

"नवीन माणूस दुकानात येतं, त्याला पहिल्या दिवशी काय सांगतोस?"

"थोरल्या मालकांनी लावून दिलंय तेच. जरीला अत्तर नको, टाचणी नको, डांबर गोळी तर अजिबात नको, जरी काळी पडते. मलमलीत बांधायचं, लवंग टाकायची. झाडूवाल्यालासुद्धा सांगतो. शेवटचं मनस्विनीला सांगितलं, तीन महिन्यांपूर्वी."

"तिच्यानंतर?"

"नंतर नोकरीला कोण आलंय, अक्का?"

मनस्विनी नागपूरची. नवरा महादेवपुऱ्यात संगणकाच्या कंपनीत, ती इथे काउंटरवर. तिला बोलावलं तेव्हा मोजपट्टी हातातच घेऊन आली.

"आजी, मला वाटलंच होतं, नवीन म्हणून सगळे माझ्याकडेच बघणार."

"बघू देत. जरीची साडी कशात बांधशील?"

"मलमलमध्ये. लवंग घालून. डांबर गोळी टाकली तर श्रीहर्षसर मला साडीबरोबर बांधतील."

अक्कांच्या ओठांचा कोपरा हलला. "आता येलहंकाच्या बाईंना फोन लाव."

फोन स्पीकरवर टाकला. त्या बाई म्हणाल्या, हो, मंगळवारी पाच वाजता तीन शाली पोचल्या, इतकं सुरेख काम कुणी करत नाही आता. का बरं, काय झालं?

"काही नाही," अक्का म्हणाल्या. "लोकांना उद्योग नाही."

फोन ठेवल्यावर मनस्विनी हळूच म्हणाली, "आजी, मला एक समजत नाही. क्लिपमध्ये ते गाठोडं बाहेर नेताना दिसतात ना? शालू त्यात असता तर तो बाहेर गेला असता. मग आज इथेच वरती कसा सापडला?"

अक्कांनी तिच्याकडे नीट बघितलं. तीनशे व्यापाऱ्यांनी ती क्लिप पाहिली होती, आणि हा प्रश्न ह्या पोरीला पडला होता.

"मला हात दे," त्या म्हणाल्या. "वर जायचंय."

श्रीहर्ष पुढे आला. "अक्का, गुडघे. सहा वर्षं तुम्ही जिना चढला नाहीत."

"गुडघे माझे आहेत ना. मी बघते त्यांचं."

४

सतरा पायऱ्या. नवव्या पायरीवर अक्का थांबल्या, भिंतीला टेकल्या, कुणाला जवळ येऊ दिलं नाही. पुन्हा चढल्या.

खोलीच्या दाराला कुलूप नव्हतंच कधी, नुसती कडी. सकाळी दहाच्या आत कुणीही यावं. आत खिडकीखाली सतरंजी, सुयांचा डबा, रंगीत धाग्यांच्या लडी. जमिनीवर गाठोडीच गाठोडी, एकावर एक. शाली, कोट, साड्या. आणि समोरच्या भिंतीवर, माणसाच्या डोक्याच्या वर, एकच फळी.

फळीवर एकच गाठोडं. हिरव्या रेशमाचं, कडेला गोटा लावलेलं.

अक्का कितीतरी वेळ मान वर करून बघत राहिल्या.

ते रेशीम त्यांनी स्वतः फाडून दिलं होतं, वीसेक वर्षांपूर्वी, ताग्यातलं शेवटचं दीड वार. यजमान म्हणाले होते, दस्तगीरचं कुराण गुंडाळायचं बासन फाटलंय. गोटा श्रीहर्षनं शोधून आणला. तेव्हापासून दर रमजानला दस्तगीरसाब ते बासन धुवायचे, दुकानाच्या गच्चीवर वाळत घालायचे, आणि ते वाळेपर्यंत त्या दोरीवर कुणी दुसरं फडकंसुद्धा टाकायचं नाही. पद्मनाभलाही हे ठाऊक होतं.

"श्रीहर्षा, ह्या गाठोड्यावर दस्तगीरसाब काही ठेवतील का?"

श्रीहर्षनं वर बघितलं आणि त्याचा आवाजच बदलला. "त्याच्यावर? अक्का, ते हात धुतल्याशिवाय त्याला शिवत नाहीत. म्हणून तर ती फळी एवढी उंच. त्याच्यावर कुणी साधी सुई ठेवली तर..." तो अडखळला. "शालू त्याच्यावर होता?"

"तुला कुणी सांगितलं नाही?"

"नुसतं खोलीत सापडला म्हणाले."

अक्का सतरंजीवर बसल्या, दस्तगीरसाबांच्या रोजच्या जागी. मनस्विनीला त्या मनाशी बोलल्यासारखं ऐकू आलं. एक डांबर गोळी. एक बासन. दोन साक्षीदार. एकाला तोंड नाही, दुसरा मिटलेला आहे, पण दोघंही एकाच माणसाचं नाव सांगतायत.

"राजसला वर पाठव," त्या म्हणाल्या. "आणि पद्मनाभला. तुम्ही दोघं खाली जा. दार लावून घ्या."

५

राजस दारातच उभा राहिला. दोन महिन्यांपूर्वी नोकरी सोडून दुकानात आला होता. काचेच्या ट्रायल रूम, कॉफीचा कोपरा, वरच्या मजल्यापर्यंत लिफ्ट. लॅपटॉपवर चित्रं काढून दाखवायचा. सगळी चित्रं ह्या खोलीपाशी येऊन अडायची.

"बस."

"अज्जी, तू कशाला चढलीस, डॉक्टरनं..."

"फळीवर काय आहे?"

त्यानं वर बघितलं. "त्याचं कापडाचं गाठोडं."

पद्मनाभनंही वर बघितलं. सकाळी तो खुर्ची धरून खाली वाकला होता, वर बघितलंच नव्हतं. आता त्यानं भिंतीचा आधार घेतला.

"बारा वाजले," अक्का म्हणाल्या. "मला फार बोलायचं नाही. ज्यानं शालू तिथे ठेवला त्याला ते गाठोडं कशाचं आहे ते माहीत नव्हतं. दस्तगीर, श्रीहर्ष, तुझा बाप, मी, आम्हा चौघांना माहीत आहे. उरलात तुम्ही दोघं नवे, ती मनस्विनी आणि तू. आता शालूत डांबर गोळ्या होत्या. पदर काळा पडलाय. मनस्विनीला पहिल्याच दिवशी सांगितलंय, गोळी घालायची नाही. तिच्याकडे कपाटाची चावीही नाही; तुझ्या बापाची मात्र घरी खिळ्याला होती. तुला कुणी सांगितलं का रे, जरी कशात ठेवायची?"

राजसनं पद्मनाभकडे बघितलं.

"नाही सांगितलं," अक्का म्हणाल्या. "नोकराला सांगतात. मालकाच्या नातवाला कोण सांगणार? तो आम्हा सगळ्यांचा मूर्खपणा. पण बाकीचं तुझं."

रस्त्यावरून हातगाडीवाल्याची ओरड वर आली आणि विरली.

"मी जपायला टाकल्या होत्या," राजस म्हणाला, आणि मग खाली बसला. "चार दिवस माझ्या बॅगेत होता. म्हटलं, कसर लागायला नको. अज्जी, मला पोलीस नको होते. मला फक्त तू त्याला जा म्हणायला हवं होतंस. तू आजोबांचा शब्द मोडला नसतास. त्यानंच मोडायला लावला असं दिसलं असतं, तर तूच... क्लिप मी फक्त वादिराजकाकांना पाठवली. त्यांनी ग्रुपवर टाकली. मग ते सगळं माझ्या हातात राहिलं नाही."

"पोत्याला भोक होतं," अक्का म्हणाल्या.

"काय?"

"काही नाही."

पद्मनाभ पुढे आला. आवाज खाली आणला. "आई, ऐक. शालू मिळाला. मी वादिराजला सांगतो, गैरसमज झाला, घरच्याच कुणीतरी चुकून वर ठेवला. दस्तगीरला आपण सांभाळून घेऊ. पोराचं अजून लग्न व्हायचंय. घराचं नाव..."

"चुकून? उद्या पेठ म्हणेल, म्हातारीनं आपल्या मुसलमानाला वाचवलं. दस्तगीर जन्मभर चोरच राहील, फक्त माफ केलेला."

"म्हणून काय आपल्याच पोराला..."

"तुला दस्तगीरनं कधी सांगितलं नसेल. तुझ्या वडलांना सांगायचा, इथे बसून, मी चहा आणायचे तेव्हा कानावर पडायचं. त्यांच्या ग्रंथात आहे. न्यायाला उभे राहा, साक्ष स्वतःविरुद्ध जात असली, आई-बापाविरुद्ध, सग्यासोयऱ्यांविरुद्ध जात असली तरी. मला तेव्हा वाटायचं, बोलायला काय जातंय." अक्कांनी भिंतीला हात लावून उठायचा प्रयत्न केला. पद्मनाभनं हात दिला, तो त्यांनी घेतला नाही. "आता कळलं काय जातंय ते."

६

चारला मंडळाचं सभागृह भरलं होतं. मागे पोरं मोबाइल वर धरून उभी. पुढच्या खुर्चीवर दस्तगीरसाब, दुपारची नमाज पढून आलेले, टोपी अजून डोक्यावर. त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी होती. अक्का आल्या आणि जाऊन तिथे बसल्या.

वादिराज उठले. "भावांनो, आपण ह्या लोकांवर विश्वास ठेवतो..."

"वादिराजअण्णा, स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या. बसूनच बोलल्या, पण शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. "मला लिहितावाचता फारसं येत नाही. म्हणून थोडक्यात सांगते. गाठोड्यात शाली होत्या, ज्यांच्या होत्या त्या बाई साक्ष देतायत, फोन लावून विचारा. शालू चोरणारा दस्तगीर नाही. चोरणारा माझ्या घरातला आहे. तो स्वतः सांगेल."

 राजस उठला. कानशिलं लाल झाली होती. त्यानं सगळं सांगितलं, बॅग, चावी, फळी, क्लिप. फळीवरचं गाठोडं कशाचं होतं हे सांगताना त्याला दोनदा थांबावं लागलं. दस्तगीरसाबांनी तेव्हा पहिल्यांदा डोळे मिटले.

वादिराजांनी घसा खाकरला. "मग, अक्का, हा तुमच्या घरातला प्रश्न..."

"सकाळी पेठेचा होता. दुपारी घरातला कसा झाला? पोलिसांत जायचं का नाही ते दस्तगीर ठरवतील. मी ठरवणार नाही, तुम्हीही नाही. ज्याच्यावर अन्याय झाला, त्याचा हक्क."

सगळ्या माना दस्तगीरसाबांकडे वळल्या. त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"ज्या ग्रुपवर माझी क्लिप गेली," ते म्हणाले, "तिथेच हे जाऊ दे. ह्याच्या तोंडानं, ह्याच्या नावानं. ज्यांनी ज्यांनी पुढे पाठवली, त्यांनी हेही पुढे पाठवावं. अध्यक्षांनी पहिलं. एवढं झालं की मला पोलीस नक्को."

वादिराजांचा मोबाइल टेबलावर उपडा पडला होता. त्यांनी तो उचलला. सगळे बघत होते, म्हणून उचलावाच लागला.

पाच वाजता, दुकानात परत आल्यावर, दस्तगीरसाबांचा फोन वाजला. त्यांनी नाव वाचलं आणि कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून, "हौ बेटी," एवढंच म्हणाले. मग बराच वेळ ऐकत राहिले.

ते परत आले तेव्हा अक्का शालू उलगडून बसल्या होत्या. पद्मनाभ समोर होता. राजस दाराशी, आत यावं की नाही हे न कळून.

"हा डाग," अक्का म्हणाल्या. "जाईल का?"

दस्तगीरसाबांनी चष्मा चढवला. पदर उजेडाकडे धरला. अंगठा जरीवरून एकदा पुढे, एकदा मागे नेला.

"काळी पडलेली जरी उजळत नाही, अक्का. तेवढा भाग काढून दुसरी घालता येईल. पण दिसेल. माझ्या हातानं केलं तरी दिसेल."

"दिसू दे," अक्का म्हणाल्या. "ह्याची बायको बोहल्यावर उभी राहील ना, तेव्हा पदर मी तिच्या खांद्यावर टाकीन. आणि जिवंत असले तर डाग कुठे आहे ते बोट ठेवून दाखवीन."

राजसनं मान खाली घातली. दस्तगीरसाबांनी शालू मलमलीत गुंडाळला, खिशातून दोन लवंगा काढल्या, एक आत ठेवली. दुसरी त्यांनी राजससमोर धरली.

"इथे, घडीच्या मधे," ते म्हणाले. "जरीला लागू द्यायची नाही. ठेव."